पडद्यावरचं धुकं

जैनथ,
जानेवारी १९९९

प्रिय खुशाल,

ऐन कापूस वेचणीत उत्तम नागपूरला काऊन गेला, असं तू भेटेल त्याला विचारतोस म्हणे. तुझ्या द्वारकावहिनीने सगळ्यांना सांगितलं, भाचीच्या सोयरिकीचं बोलणं होतं. तुला खरं सांगतो. मी माझं लघवीचं दुखणं दाखवायला गेलो होतो.

सारखं उठणं, उभं राहून वाट पाहणं, हे मी वयावर ढकलत राहिलो, द्वारकालाही सांगितलं नाही. शेवटी आदिलाबादच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पुढे पाठवलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिचे बारीक तुकडे सुईने काढून तपासावे लागतील. मी घाबरलो. बेशुद्ध करतील, पोट चिरतील आणि द्वारका बाहेरच्या बाकावर एकटी बसून राहील, हेच डोक्यात. तसं काही झालं नाही.

मला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. सोनोग्राफीची बोटासारखी नळी मागच्या वाटेने आत घातली. लाज वाटली रे, खोटं कशाला बोलू. मग तिथेच बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मुंगी चावल्यासारखं झालं आणि हळूहळू तेवढं अंग माझं राहिलंच नाही. मी मात्र जागा. समोरच्या लहानशा पडद्यावर राखाडी धुकं हलत होतं, त्यात लिंबाएवढी काळसर सावली. डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्याच आतलं आहे, काका."

बघता बघता मला पैनगंगा दिसायला लागली. थंडीतली सकाळ, पलीकडचा काठ नाही, पाणी नाही, नुसता पांढुरकेपणा. तू पुढे निघून गेलेला, तुझी हाक तेवढी येते आहे आणि मी गार वाळूत पाय रोवत तिच्यामागे चाललो आहे. मधूनच खट्ट वाजायचं, पडद्यावर सुईची उजळ रेघ उमटायची आणि धुकं परत मिटायचं. किती वेळ गेला कोण जाणे. नर्सबाईंनी खांद्यावर हात ठेवून झालं म्हणून सांगितलं, तेव्हा मला उठावंसंच वाटेना.

त्याच दिवशी चालत बाहेर आलो. द्वारकाने संत्रं सोलून दिलं. पुढे काही दिवस लघवीतून थोडं रक्त गेलं, गोळ्या घेतल्या, थांबलं.

निकाल घ्यायला आम्ही दोघंच गेलो. कॅन्सर निघाला, खुशाल. लवकर सापडला म्हणतात, औषधं सुरू झालीत. परतीच्या बसमध्ये पांढरकवडा गेल्यावर द्वारका म्हणाली, "आता माह्यापासून काही लपवू नका."

परवा मथुरावहिनी येऊन गेल्या. तुझ्या धोतरावर त्यांना रक्ताचे डाग दिसले. विचारलं तर तू म्हणालास, "मले कापून घ्याचं नाही." सांगताना त्या आमच्या ओट्यावर रडल्या. म्हणून हे पत्र. तुझं माझ्यासारखंच निघेल असं नाही, काहीच नसेलही. रविवारी मी वांकिडीला येतो, चंद्रपूरवरून दोघं नागपूरला जाऊ. आधी रक्त तपासतील. सुईची वेळ आलीच तर जवळच्या माणसाला आत बसू देतात, मी विचारून ठेवलंय. मी तुझ्या डोक्याशी बसेन. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही वाटलं तर राहू दे.

तुझाच,
उत्तम