कोलंबसाचा उजवा हात

दि. ११ मार्च

चि. पंडित यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. लहानपणापासूनची खोड. पंडित हे नाव काय उगाच पडलं?

तर बातमी अशी, की तू जिंकलास. तुझा लेख आमच्या साहेबांनी मेणपुतळ्यांच्या संग्रहालयाच्या समितीपुढे वाचला आणि कोलंबसाचा पुतळा दालनातून काढायचं ठरलं. त्याच्या गलबतांपाठोपाठ एवढी माणसं मेली, गुलाम झाली, त्याला दिव्यांच्या झगमगाटात मिरवू नये, हे तुझं म्हणणं मला पटलं. साहेबांनाही पटलं, की वर्तमानपत्रात आलं म्हणून ते घाबरले, देव जाणे.

रिकाम्या जागी छपाईवाला गुटेनबर्ग येणार. तूच सुचवला होतास. आमच्याकडे पुतळा काढला तरी मेण टाकत नाहीत, वितळवून पुन्हा वापरतात. त्यामुळे नेपोलियनच्या गालात आजवर कोण कोण मिसळलंय, ते विचारू नकोस. कोलंबसाचं डोकं सोमवारी पातेल्यात गेलं. मला काही वाटलं नाही.

उजवा हात मात्र बाबांचा होता. पुतळा घडवला तेव्हा बाबा संग्रहालयाच्या दारावर तिकिटं फाडायचे आणि माझ्या आधीच्या कारागिराला लांब बोटांचा माणूस हवा होता. त्याने बाबांच्या हाताचा साचा काढला. नवी जमीन दाखवणाऱ्या त्या बोटाकडे बघून बाबा पाहुण्यांना सांगायचे, "डोकं त्याचं, हात माझा." तुला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भांडणाच्या दिवशी तू त्यांना म्हणालास, "जन्मभर बाहुल्यांची राखण केलीत." तेव्हापासून तू घरी आलेला नाहीस आणि त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. मीही मध्ये पडले नाही. दोघांचे हट्ट मला पाठ आहेत.

कोलंबस जाणार हे बाबांना सांगणं भाग होतं. तुझा लेख त्यांनी आधीच वाचला होता. तुझं छापून आलेलं सगळं ते वाचतात, भिंग घेऊन. म्हणाले, "बरोबर लिहिलंय. वितळव." मग बऱ्याच वेळाने काहीतरी पुटपुटले. मला दोनदा विचारावं लागलं, तेव्हा कळलं. "हात तेवढा नव्या माणसाला चालतो का बघ."

रोखलेलं बोट छपाईवाल्याच्या काय कामाचं? त्याला छपाईचा खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, चिमटीत धरायचं असतं. मी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवला. मेण नरम झालं की एकेक बोट हळूहळू वळवायचं, घाई केली की तडा जातो. सगळी दुपार त्यात गेली, पण शेवटी अंगठ्याला बोट टेकलं आणि शिशाचा खिळा चिमटीत छान बसला. तेव्हा तुझा गुटेनबर्ग उभा राहील तो बाबांच्याच हाताने.

हे मला जमलं, कारण रोज सकाळी घरी मी हेच करते. आता लिहूनच टाकते. वर सगळं ठीक लिहिलं ते खरं नाही. गेल्या महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं थोडं परत आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात कोमट पाण्यात धरून बोटं वळवत राहा. मी वळवते आणि बाबा दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखे बघत बसतात. मेणाची बोटं वळली, ही अजून वळत नाहीत. झटका पुन्हा येऊ शकतो, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. मला त्याची फार भीती वाटते.

तुला कळवायचं नाही, अशी बाबांनी मला शपथ घातली होती. म्हणून इतके दिवस गप्प होते. पण काल हात पाण्यात असताना त्यांनी एकदम विचारलं, "त्याला कळलं का, हात ठेवलाय ते?"

"कुणाला?" मी मुद्दामच विचारलं.

जीभ वळायला वेळ लागला. मग म्हणाले, "पंडितला."

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी दालन उघडेल. बाबांना चाकांच्या खुर्चीतून न्यायचं ठरवलंय. रस्ताभर खुर्ची ढकलायला मी एकटी पुरेशी आहे. पण ते तिकिटं फाडायचे त्या दाराला पायऱ्या आहेत, आणि तिथे खुर्ची उचलायला दोघं लागतात.

तुझी,
ताई