एकदा नको म्हटलं म्हणून

नोव्हाय, मिशिगन
१६ मार्च २०२५

ती. सौ. सुलभाताईस,
मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

कानाचं नवं मशीन आलं का? फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेल्या निम्म्यावरून माझ्याशी भांडतेस. त्यापेक्षा यापुढे पत्रंच लिहू, हे तू ठरवलंस ते बरं झालं. आज जे सांगायचं आहे ते मला ओरडून सांगवलं नसतं. ताई, माझी नोकरी गेली.

गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी आमच्या अख्ख्या ब्रेक विभागाला व्हिडिओ कॉलवर बोलावलं होतं. आम्ही कुणी कधीही न पाहिलेली एक मुलगी काहीतरी वाचून दाखवत होती. तिचं वाचून व्हायच्या आत माझा लॅपटॉप बंद पडला. मला वाटलं नेट गेलं, म्हणून मी तळघरात जाऊन राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. सुमेधानं विचारलं तर तिलाही सांगितलं की कंपनीच्या लाइनची काहीतरी भानगड आहे. गाड्यांचे ब्रेक का किंचाळतात ते ऐकण्यात सत्तावीस वर्षं घालवली, आणि ती मुलगी काय वाचत होती ते मला कळलंच नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा फोन आला तेव्हा कळलं. तो रडत होता.

तुझ्या नीनानं दटावून दटावून बेकारी भत्त्यासाठी नाव नोंदवायला लावलं. सुमेधाच्या शाळेतल्या अर्धवेळ पगारात घराचा हप्ता निघत नाही, त्यामुळे हा भत्ता आहे म्हणून घर आहे, असं समज. त्यासाठी दर आठवड्याला काम शोधल्याचा हिशेब द्यायचा, आणि बोलावतील तेव्हा त्यांच्या सक्तीच्या वर्गाला हजर व्हायचं. बेकारांना पुन्हा कामाला कसं लागावं ते शिकवतात. चुकलात तर भत्ता बंद. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला पुन्हा हजेरी लागणार आहे.

घरी सगळ्यांना सांगू नकोस. तुझा लोभ आहेच, सध्या तो जरा जास्त लागेल.

तुझा,
मोरू


श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२४ मार्च २०२५

चि. मोरूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ओट्याशी उभी राहून उघडलं आणि तिथंच फरशीवर बसले. यांनी काय झालं विचारलं तर मी पत्रच पुढे केलं. ते वाचून हेही शेजारी फरशीवर बसले. माणसाला घालवताना समोर बसवून दोन शब्द बोलायची रीतसुद्धा उरली नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नाही.

भत्त्याची लाज मात्र अजिबात बाळगू नकोस. नीना सांगते की मॉम, इट्स इन्शुरन्स, चॅरिटी नाही. ती भाडेकरूंची भांडणं लढते, तिला असल्या ऑफिसांची सगळी नस ठाऊक आहे. ती सांगेल तसं कर, आणि तिनं विचारलेल्या प्रश्नांना अघळपघळ उत्तरं देऊ नकोस.

माझी काळजी वेगळीच आहे. तुला कुणी चहा विचारला की तू नको म्हणतोस, आणि मग कप येईपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसतोस. सुमेधाच्या वडिलांनी पसंती विचारली तेव्हाही विचार करून कळवतो म्हणून आलास आणि रात्रभर गच्चीवर येरझाऱ्या घालत होतास. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, हे तुझं नशीब. आता कुणी काम देऊ केलं तर तोंड उघडून हो म्हण, एवढंच.

कानाचं मशीन आलंय. फ्रिजचा आवाज येतो, माणसांचा येत नाही. सुमेधाला जप. तुझ्यावर लोभ आहे म्हणून रागावते, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई


नोव्हाय
८ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आजचं पत्र आनंदाचं आहे. आधी वर्गाचं सांगतो. आम्ही वीसेक जण होतो, निम्मे गाड्यांच्या धंद्यातलेच. डनीज नावाच्या बाई शिकवतात. त्यांनी माझा बायोडेटा बघून सांगितलं की यातली पहिली पंधरा वर्षं काढून टाका, लोक वय मोजतात. मी ती काढली. त्यात माझी दोन पेटंटही गेली. मग आरशासमोर उभं राहून आपली ओळख अर्ध्या मिनिटात करून द्यायची, असा गृहपाठ मिळाला. सुमेधानं दाराआडून ऐकलं आणि मला दोन दिवस हॅलो, माय नेम इज म्हणून हाक मारली.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी मंडळाचा पाडवा होता. जायची इच्छा नव्हती, पण सुमेधानं ओढून नेलं. नोकरी गेल्याचं सगळ्यांना कळलेलं होतं, त्यामुळे जो तो हवापाण्याचं बोलून पुढे सरकत होता. मी श्रीखंडाचं ताट घेऊन भिंतीशी उभा होतो. तेवढ्यात संग्राम घोरपडे आला. कोल्हापूरचा, त्याचं इथं यंत्रांचे सुटे भाग बनवायचं छोटं शॉप आहे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. म्हणाला, मोरेश्वरराव, घरी काय बसताय, आमच्याकडे या ना क्वालिटी बघायला, सोमवारपासून जॉइन व्हा, तुमच्यासारखा माणूस आम्हाला मिळतो कुठे. चारचौघांसमोर म्हणाला. ताई, माझे डोळे भरून आले.

मी अर्थातच म्हटलं की अहो नको, कशाला उगाच, एखाद्या तरुण पोराला द्या ती जागा. एकदम हो म्हणणं बरं दिसलं नसतं, हपापल्यासारखं वाटलं असतं. तो पुन्हा विचारेलच. एवढ्या मनापासून बोलला म्हणजे विचारेलच. मी कारखान्यात घालायचे पोलादी टोपणाचे बूट आणून ठेवलेत आणि पायात बसावेत म्हणून घरात घालून फिरतो. सुमेधाच्या डोक्याला त्यांच्या आवाजाचा ताप झालाय.

भावोजींना नमस्कार. लोभ ठेवतेसच, थोडी प्रार्थनाही कर.

तुझा,
मोरू


श्रूजबरी
१५ एप्रिल २०२५

चि. मोरूस,
अनेक आशीर्वाद.

मी काय लिहिलं होतं आणि तू काय केलंस. असो. संग्राम आपल्याच रीतीतला आहे, तो तुझं पहिलं नको मनावर घेणार नाही. तरी आठवडाभर वाट बघ आणि मग तूच फोन कर. त्यात कमीपणा नाही. तुला करवत नसेल तर सुमेधाला त्याच्या बायकोला करू दे. लोणच्याची चौकशी करता करता विषय काढता येतो.

नोकरी लागली की त्याच दिवशी लिही. तोवर माझा लोभ आणि माझा संताप दोन्ही तुझेच.

तुझी,
ताई


नोव्हाय
११ मे २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा भत्ता बंद झाला.

मी संग्रामला फोन केला नाही, ते आधीच कबूल करतो. रोज वाटायचं, आज त्याचा येईल. मग भत्त्याच्या ऑफिसनं प्रत्येकाला एकेकट्याला बोलावलं, त्यात माझी पाळी आली. तिथंही डनीजबाईच होत्या. बाई चांगल्या आहेत, मुलाबाळांची चौकशी करतात. बोलता बोलता त्यांनी विचारलं की मधल्या काळात कुणी काम देऊ केलं का. मी अगदी छाती पुढे काढून सांगितलं, हो, एका ओळखीच्या माणसानं सोमवारपासून ये म्हटलंय. त्यांनी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात. मी म्हटलं, नको म्हणालो. त्यांचं टायपिंग थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच हसत सांगितलं. मला वाटलं, त्यांना माझा विनय आवडला.

ऑफिसनं संग्रामला फोन करून विचारलं. त्यानं हो म्हटलं, काम देऊ केलं होतं, यांनी घेतलं नाही. मग मला कळवण्यात आलं की योग्य काम मिळत असताना नाकारल्यामुळे मी भत्त्याला पात्र नाही. ताई, मी काम नाकारणारा माणूस. हे वाचून मी दुसऱ्या कुणाचं तरी पत्र आपल्याकडे आलं असेल म्हणून वरचं नाव तपासलं. सुमेधा आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली, आधीच घातलेल्या घड्या मोडून.

उन्हाळ्यात तिची शाळाही बंद असते. घराचं काय होणार ते मला माहीत नाही. आज लोभाचं काही लिहवत नाही.

मोरू


श्रूजबरी
१७ मे २०२५

चि. मोरूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी तुझ्या बोलण्याची चेष्टा करत आले, पण त्यापायी कुणी माणसाचं घर काढून घेऊ शकेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. डनीजबाईंवर तरी काय रागवायचं, तू नको म्हटलंस आणि त्यांनी ते लिहिलं.

नीना सोबत आहे, तिचं नीट ऐक. ती म्हणते, मोरूमामा, अपील करा, लगेच. न्यायाधीशाकडे फोनवर सुनावणी होते. तुम्ही तुमची रीत सांगा, आणि संग्रामकाकांना साक्षीला घ्या. त्यांनी एवढंच सांगायचं की मीही ते नको खरं धरलं नव्हतं, पुन्हा विचारणारच होतो. ऑफर खरी, नकार खोटा. म्हणजे केस सुटते आणि वर जॉबही मिळतो. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली.

या खेपेला संग्रामला तू स्वतः फोन कर. त्याच्या दारात जाऊन बस हवं तर. हप्त्याचं आम्ही दोघं बघतो आणि त्यावर तुझं नको मी ऐकणार नाही. मला तसंही ऐकू येत नाही.

आमचा सगळ्यांचा जीव आणि लोभ तुमच्या दोघांपाशी आहे.

तुझी,
ताई


नोव्हाय
२ जुलै २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल माझ्या बाजूनं लागला. भत्ता सुरू झाला, मागचा बुडालेलाही मिळणार. नीनानं तुला सांगितलं असेलच, ती फोनवर नाचत होती. सुमेधानं देवापुढे साखर ठेवली. आता बाकीचं तुला एकटीला सांगतो.

संग्रामला फोन केला तेव्हा तो लगेच तयार झाला. तुमच्यासाठी एवढं नाही का करणार, म्हणाला. सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे एकाच लाइनवर होतो, मी स्वयंपाकघरात आणि तो त्याच्या शॉपमध्ये. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. न्यायाधीश बाईंना सर्दी झालेली होती. आधी माझी शपथ झाली. मी पाडव्याचं सगळं सांगितलं. म्हटलं, आमच्यात असंच म्हणतात. देणारा एकदा विचारतो, घेणारा नको म्हणतो, देणारा पुन्हा विचारतो. बाईंनी विचारलं, त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर. मी म्हटलं, सोमवारी उजाडायच्या आत मी दारात असतो. त्यांनी विचारलं, किती वाट पाहिली. मी म्हटलं, अजून पाहतोय. हे सगळं संग्राम ऐकत होता.

मग त्याची शपथ झाली. बाईंनी साधे प्रश्न विचारले. काम नेमकं कसलं, पाळी कुठली, ती जागा आधी कुणाकडे होती. संग्राम ॲक्चुअली म्हणाला आणि थांबला. मला वाटलं लाइन तुटली. पण मागची घरघर येत होती. मग तो म्हणाला, मॅडम, जागा नव्हती. मार्चमध्ये मीच माझी दोन माणसं घरी पाठवली होती. मोरेश्वरराव ताट घेऊन एकटेच भिंतीशी उभे होते, कुणी बोलत नव्हतं, मला बघवलं नाही, म्हणून म्हटलं. ते नको म्हणतील याची मला खात्री होती.

बाईंनी विचारलं, मग ऑफिसला हो का सांगितलंत. तो म्हणाला, परक्या माणसाला कसं सांगू की मी नुसतंच म्हटलं होतं, त्यांचा अपमान झाला असता. आमच्यात असंच म्हणतात. हेच वाक्य थोड्या वेळापूर्वी मी म्हटलं होतं, ताई. काम नव्हतंच, तर नाकारलं काय, असा निकाल आला.

मी त्याच्यावर रागावू कसा? त्यानं शपथेवर खरं सांगितलं म्हणून आमचं घर राहिलं. त्याला केवढी लाज वाटली असेल. पण फोन ठेवल्यावर जे लागलं, ते नोकरी गेली त्या दिवशीही लागलं नव्हतं. तीन महिने रोज सकाळी ज्या जागेच्या भरवशावर मी दाढी करत होतो, ती जागा नव्हतीच. सुमेधाला मी निकाल सांगितला, हे सांगितलं नाही. तिला वाटतंय, आता संग्राम बोलावेल.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. सुनावणीबद्दल अक्षर काढलं नाही. रविवारी दोघंही जेवायला या, तांबडा-पांढरा करतोय, असं सुमेधाला तीन-तीनदा म्हणाला. ती फोनवर हात धरून माझ्याकडे बघत राहिली, काय सांगू म्हणून. आनंदानं हो म्हणायला तिचे ओठ उघडलेले होते. मी आतल्या खोलीत निघून गेलो. आम्ही यावं असं त्याला खरंच वाटतंय का, ते मला ओळखता येत नाही. तुला येईल का?

तुझा लोभ तरी खरा आहे, असं धरून चालतो.

तुझा,
मोरू