हेमूचं पहिलं काम

१० नोव्हें., सोम.
हॉस्पिटलातून फोन. बुधवारी भावाची, हेमूची तपासणी, घरच्यांपैकी एकाने हजर राहायचं. म्हणजे मीच, दुसरं कोण आहे. कोर्टाचा निकाल लागला तेव्हा वाटलेलं, सुटलो एकदाचे. आमच्या वडिलांना, अण्णांना, मारलं तेव्हा तो भानावर नव्हता, म्हणून निर्दोष. पण घरी नाही सोडला, हॉस्पिटलात ठेवला. आता डॉक्टरांनी बरा आहे लिहिलं आणि मी हमी दिली, तर घरी.

आईने लगेच त्याची गोधडी उन्हात टाकली. वैशूने, बायकोने, ती बघितली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, तो आला तर मी पोरीला घेऊन गोखिवऱ्याला भावाकडे जाते. वैशूचंही चूक नाही. आईचंही नाही. मी कुठे जाऊ?

१२, बुध.
हेमू सुटलाय अंगाने. गोळ्यांनी हात थरथरतात. मला बघून हसला, अगदी अण्णांसारखा. डॉक्टरबाई तरुण, मुंबईच्या, बोलायला चांगल्या. वार, महिना, गोळ्यांची नावं, सगळं बरोबर सांगितलं त्याने. अण्णांचं विचारलं तर मान खाली. "मीच मारलं. तेव्हा ते मला अण्णा दिसतच नव्हते."

मग बाईंनी विचारलं, घरी गेल्यावर पहिलं काय कराल?

"कोयत्याला धार लावीन. केळीची वाडी माजली असेल."

बाईंचं पेन थांबलं. अण्णा कोयत्यानेच गेले, ते फायलीत आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

अरे गाढवा, आईच्या पाया पडेन म्हणायचं, चहा पिईन म्हणायचं! पण खरं तेच बोलला. आमच्या आगाशीत वाडीवाला सकाळी आधी दगडावर कोयता घासतो, मग तोंड धुतो. अण्णांनीच लावलेली सवय. एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता. मी गप्प बसलो. का, ते नको आत्ता.

१३, गुरु.
आईला सांगितलं, रिपोर्ट यायचाय. काय बोलला विचारत होती. तुझी चौकशी केली म्हटलं. रडली.

लिहूनच टाकतो. बरं वाटलं मला काल. त्याच्याच बोलण्याने घरी येणं हुकलं, आता माझ्यावर काही नाही, असं. सख्खा भाऊ ना मी. लाज वाटते, आणि भीतीही जात नाही. पोर अजून लहान आहे, दिवसभर वाडीतच खेळते.

१७, सोम.
सकाळी डॉक्टरबाईंचा फोन. रिपोर्ट अजून दिला नाही म्हणाल्या. "ते कोयत्याचं डोक्यातून जात नाहीये. ऐकताना धमकी नाही वाटली मला. तुमच्याकडे असं बोलतात का?"

मी वाडीत होतो. दगड ओला, कोयता हातात, तोंड धुवायचं बाकी.

रेंज नाही, जरा वेळाने करतो म्हटलं. रेंज होती.

आई पडवीतून बघत होती. कोणाचा फोन, विचारलं. कोयत्याला धार कधीच आली होती, तरी मी मान खाली घालून घासत बसलो. तिने परत विचारलं.