केसरीची ओढणी आणि फास्ट रंग

ढाणकी, ७ जानेवारी १९५८
दुकानात लाल सुती कापडाचा नवा तागा आला. काठावर सोनेरी शिक्का, 'फास्ट कलर'. खाली मोर. पिसारा झकास, पाय मात्र कोंबडीचे.
दुपारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून जमनीबाय आली. वैशाखात तिच्या केसरीचं लगीन. ओढणीला कापड पाहिजे. पोरगी स्वतः भरणार, पांढऱ्या दोऱ्याचे टाके, कवड्या, आरसे. जमनीबायनं कापड चोळलं, उन्हात धरलं, हुंगलंसुद्धा.
"रंग पक्का हाय ना, शेठ?"
"तसा छापच हाय ना बाई त्याच्यावर. हे पाय."
तिला वाचता येत नाही. माझं इंग्रजी चौथीपुरतं. ठोक व्यापारी मला जे म्हणाला तेच मी तिला म्हणालो.
"मंग तुमच्या शबदावर नेतो," म्हणाली. नेलं.

१० जानेवारी
पाठक मास्तर शर्टाचं कापड घ्यायला. हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. शिक्का वाचून हसले. म्हणे, फास्ट म्हणजे वेगवान, फास्ट गाडी असते तसं.
मी म्हटलं, मग हा रंग पळणार की काय?
"छे छे, तसं नसावं. घरी कोश आहे, बघून सांगतो."
बघून सांगतो! आणि शिक्का दाखवून विकणाऱ्यानं तोवर काय करायचं? शेवटी कापड घेतलं ते पांढरंच. लबाड.

१३ जानेवारी, सोमवार
हिचा उपवास. मास्तर काखेत कोश घेऊन हजर. गादीवर बसूनच वाचायला लागले. फास्ट म्हणजे उपवाससुद्धा! हिला आतून हाक मारली. आणि फास्ट झोपला म्हणजे गाढ झोपला. मला वाटलं मास्तर थट्टा करताहेत. छापलेलं दाखवलं.
मूळ अर्थ म्हणे घट्ट. जागचं न हलणारं. हजार वर्षांपूर्वी इंग्रज तेवढंच म्हणायचे. नेम घट्ट धरला तो उपवास. झोप घट्ट लागली तीही फास्ट. रंग सुताला घट्ट धरून बसला तो फास्ट कलर. जीव भांड्यात पडला.
हिनं दारातूनच विचारलं, "मंग गाडी कायले फास्ट? ते तं कुठी बसतच नाई घट्ट."
मास्तरांनी पानं उलटली, टोपी काढली, पुन्हा घातली. शोधतो म्हणाले.
मला दिवसभर दुसरं काही सुचेना. एका शब्दात बसणं पण आणि पळणंही. गिऱ्हाइकाला धोतराऐवजी लुगडं दाखवलं.

२ फेब्रुवारी
हिनं त्याच ताग्याची चिंधी धुतली. मी सांगितलं नव्हतं. पाणी लालभडक.
"तुमचा घट्ट रंग पाहा," म्हणाली.
पांढऱ्या दोऱ्यावर हा रंग उतरला तर केसरीची सगळी मेहनत गुलाबी चिखल. तेही भर मांडवात. आणि शब्द माझा.
मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "कोशात शब्दाचा अर्थ असतो हो, कापडाचा कसा असेल?" राग आला. खरं बोलले म्हणूनच आला.
परत धुतली, पाणी फिकं. तिसऱ्यांदा जवळजवळ स्वच्छ. मग ही सांगते, पहिल्यांदा सोडा जास्त पडला होता. आता काय समजायचं?

९ फेब्रुवारी
तांड्यावर गेलो. कडुलिंबाखाली केसरी भरत बसलेली. अर्धी ओढणी झालीये. टाके असे की नजर हलेना. सगळं सांगून टाकलं. चिंधी, लाल पाणी, सोडा.
"एक डाव पाण्यातून काढून पाहा. रंग गेला तं दुसरं कापड मी देतो."
जमनीबाय म्हणाली, "कोरं हाय ते. लगनाच्या ओढणीले आदी पानी लावत नाई आमी."
"मंग कधी लावता?"
"नवरी रडते ना, तवा भिजते."
केसरीनं मान वर केली नाही. सुई तोंडात धरून दोरा ताणला. मग म्हणाली, "मी कमी रडीन, काका."
मायलेकी हसायला लागल्या. मला हसू येईना. उठलो तर जमनीबायनं गूळ हातावर ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च
मास्तरांना फास्ट गाडीचं उत्तर सापडलं. भर बाजारात ओरडत आले. घट्ट म्हणजे जोर लावून. जोर लावून धरायचं, तसंच जोर लावून पळायचं. जोरानं पळता पळता नुसता वेग उरला. बसण्याची गोष्ट लोक विसरले.
हिला सांगितलं. "म्हंजे जोर तेवढा एकच म्हना की," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. मास्तरांना सव्वादोन महिने लागले, हिला तवा तापेपर्यंत पटलं.
पण ओढणीचं उत्तर कोणत्या पानावर आहे?

४ मे
केसरीचं लगीन. आम्ही दोघं गेलो. मी नवा पांढरा सदरा घातला, मास्तरांच्याच कापडातला.
पाठवणीच्या वेळी ती एकेकाच्या गळ्यात पडून गाणं म्हणत रडली. याडीच्या म्हणजे आईच्या, बापाच्या, भावांच्या, शेजारणींच्या. ओढणी तोंडाशी. मी मागे सरत होतो, डोळा कापडावर. तेवढ्यात माझ्यासमोर.
"काका..." म्हणाली आणि खांद्यावर डोकं टाकलं. केवढं घट्ट धरलं होतं तिनं. कमी रडीन म्हणाली होती, खोटारडी. आम्हाला मूलबाळ नाही. या खांद्यावर अजून कुणी असं रडलं नव्हतं. रंगाचं विसरलोच. खरंच विसरलो.
मग तिला सजवलेल्या बैलावर उभं केलं. दोन्ही हात वर करून माहेराला आशीर्वाद देत गायली. वाऱ्यावर ओढणी. टाके पांढरे होते की नव्हते ते दिसलं नाही. माझेच डोळे भरलेले.
मग उतरवून गाडीत बसवलं. बैलगाडी भरभर गेली.

५ मे
सदऱ्याच्या खांद्यावर लाल डाग, तळहाताएवढा. ओढणीचा? की कुंकवाचा? मांडवात कुंकू तर सगळ्यांनाच लागलं होतं. जमनीबायला विचारलं. म्हणाली, "त्या रडारडीत कोन पाह्यते, शेठ? केसरी दिवाळीले येईन. तिलेच इचारा."
ही बादली घेऊन आली. "द्या इकडे. धुतलं का समजते."
मी सदरा तिच्या हातातून काढून घेतला. आतल्या खोलीत खुंटीवर टांगला.
"काहून? धुवाचा नाई?"
म्हटलं, "लगनाच्या कपड्याले पानी लावत नाई."