मार्थाबाईंचा द्राक्षमळा

जर्मनी, सप्टेंबर १८९४

प्रिय बाबांस,
क्लेमेंटिनाचा नमस्कार. देव सर्वांना सुखात ठेवो.

मी खुशाल आहे. या गावाला जुना तट आहे, संध्याकाळी वेशीचे दरवाजे लावतात. आईला म्हणावं, काळजी नको. मठाच्या शाळेत माझं शिकवणं बरं चाललं आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

एक गोष्ट मात्र मनाला खाते आहे. घरमालकीण मार्थाबाईंच्या मळ्यात मला द्राक्षवेलींच्या मुळांवर पिवळे किडे दिसले. हा रोग मळ्यामागून मळे संपवतो. सरकारला कळलं, तर वेल उपटून जाळतात. मार्थाबाई विधवा, मळ्यावरच त्यांचं पोट. त्या रडून म्हणाल्या, "पोरी, एवढा हंगाम गप्प राहा गं. तुला लेकीसारखी ठेवली ना मी?"

माजिवड्याच्या शेतात भाताला रोग पडला, तेव्हा तुम्ही स्वतः हाका मारून शेजाऱ्यांना सावध केलंत. पण बाबा, ते आपलं शेत होतं. हे दुसऱ्याचं आहे.

तुमचं उत्तर येईपर्यंत शेजारचे वेलही जातील. म्हणून उद्या मी इथल्या पाटलांना सांगणार आहे. यापुढे पत्र मठाच्या पत्त्यावर पाठवा. या घरात मला कोण ठेवील?

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी लेक,
क्लेमेंटिना