वैशूचे गाल भरले तवा

लेकरायले बीपी नसते, हे कोणी ठरवलं? त्या मानसाले मले एकडाव पाहाचं हाये.

वैशू, तुह्यावर राग नाई. मी तिसरी शिकली, अक्षर वाकडंच येईल, तसंच वाच. आज लिहाले बसली, कारण तुही लहान बहीण पायल शाळा सुटाच्या आधीच घरी आली. डोकं दुखते मने. मी तांदूळ निसत होती, सूप तसंच राह्यलं.

तुहंबी असंच सुरू झालं होतं ना? आधी डोकं, मंग नाकातून रक्त. आमी कांदा हुंगवला, टाळूवर ओली माती ठेवली. उष्णता झाली, मनलं.

मंग तुहं तोंड सुजलं, अन् गाव खुश! तलावावर जाळं झाडता झाडता तुही मावशी मने, "पोरगी भरून राह्यली बाई, नजर काढत जा." तुह्या मायनं खरंच मीठ-मिरच्या उतरवल्या. चौदा वर्साच्या पोरीची सूज आमाले तब्येत वाटली. तूबी आरशात पाहून हसत होती.

शाळेत शिबिर आलं तवा माह्या दंडाले पट्टा बांधला, गोळ्या देल्ल्या. तू बाजूलेच डोकं धरून बसली होती. हिचंबी पाहा, मनलं मी. थे पट्टा बांधनारी नर्सबाई हसली, लेकरायले बीपी नसते आजी, मने. पण तू काऊन चूप राह्यली वं? घरी त लय तोंड चाले तुहं.

शेवटी तुले चंद्रपूरले नेलं, तिथच्या डॉक्टरनं तुहं बीपी पाह्यलं अन् तोच दचकला. लय दिवसापासून चढून होतं मने. दोन्ही किडन्या गेल्या, हृदय फुगलं. तुले शाळेत फळ्यावरचं दिसत नोहोतं, थेबी त्याच्यानंच. अन् आमी चष्मा केला. तिथून तू चालत आली नाई.

आता तुहा बाप पायलचं बीपी पाहू देत नाई. लोकं मनतीन घरालेच रोग हाये, मंग हिच्यासंग लगन कोण करन, मने. मी मनलं, "जिती राह्यली त कोणी तरी करन."

उद्या सकाळच्या बसनं तिले मी दवाखान्यात नेईन. बाप आडवा आला त त्याले ओलांडून नेईन. कोणी हसलं त तिथीच बसून राहीन, पाह्यल्याबिगर उठनार नाई. एवढा शब्द देल्ला तुले.

तुही आजी,
पारबता

उत्तर तू देऊ नको. हे पत्र तुह्या फोटोखाली ठेवून राह्यली. अगरबत्ती लावाले तुहा बाप येते, त्यानं वाचावं, अन् त्यानंच उत्तर द्यावं. तोंडी, माह्यासमोर, बस सुटाच्या आधी.