संतोष आणि लाल भोपळा

मालेगाव, सोमवार, ता. १६ नोव्हेंबर १९३६
रविवारी सुगीचा सण. चर्चमध्ये अर्पणांचा लिलाव झाला की 'संतोष व सेल्फ-कंट्रोल' यावर मी चार शब्द बोलावे, असे पाळकसाहेब म्हणाले. बायांत मॅट्रिक मीच. त्याचा गर्व नाही. मिशनच्या मडमसाहेबांनी दिलेल्या पुस्तकात जुन्या ग्रीक स्तोयिक तत्त्वज्ञांची शिकवण आहे: जे आपल्या हाती नाही, त्यासाठी जीव जाळू नये. प्रभूचेही तेच म्हणणे. आजपासून आचरण.

मंगळवार
परसातला लाल भोपळा अर्पण करणार. शेजारच्या प्रयागबाईही भोपळाच देणार. (ती त्याला 'कोहळं' म्हणते. शिक्षण नाही.) कुंपणावरून म्हणाली, बाई, तुमचं कोहळं काहून असं वाकडं झालं, पोटात दुखते काय त्याच्या? मी शांत राहिले. नंतर मांजराला लाथ बसली, पण ते स्वतःच पायात आले.

शुक्रवार
राग पूर्ण जिंकला. प्रयागबाईच्या भोपळ्याकडे पाहतसुद्धा नाही. धुण्याच्या दगडावर चढले तरच दिसतो. आपल्याहून मोठा आहे.

शनिवार
भोपळ्याला खोबरेल चोळले. देवाची वस्तू स्वच्छ असावी, एवढेच.

रविवार, दुपार
प्रयागबाईचा भोपळा रुपयाला गेला. माझ्या भोपळ्यावर कोणी बोली लावेना. लिलाव पुकारणारे दौलतराव ओरडून थकले. देवाच्या कामाचे नुकसान बघवेना, म्हणून मीच बोली दिली. तोच दौलतराव म्हणाले, मागे पुरुषांत हात वर झाला! वळून पाहणे शोभत नाही. मी वाढवले. मागचाही हटेना. शेवटी तीन रुपयांना मलाच. प्रयागबाई म्हणाली, बाई, घरचंच कोहळं घरी न्याले एवढे पैसे कायले? सगळ्या हसल्या. पाळकसाहेब म्हणाले, आता बाई संतोषावर बोलतील. माझे डोके दुखू लागले होते. घरी आले.

सोमवार
जेवताना यांना विचारले, मागे बसलेला तो हट्टी माणूस कोण? हे म्हणाले, म्याच. तुह्यं कोहळं कोनी घेऊन नाही राह्यलं, तुले वाईट वाटलं असतं. मी म्हटले, अहो, तीन रुपये! हे म्हणाले, देवाले गेले, अन् कोहळं तं घरीच आलं. अजून वाढ.
मी आणखी वाढले.
संध्याकाळी पाळकसाहेब आले. यांच्या तोंडून हकीकत ऐकून खूप वेळ हसले. पुढच्या रविवारी संतोषावर माझ्याऐवजी हे बोलणार आहेत.
हे! सातवी नापास.